सिन्नरच्या कळपात मिथेन कमी करण्याचा प्रयत्न: द्राक्षाचा चोथा, बाभळीची शेंग आणि तांब्याचा प्रश्न

पार्श्वभूमी

हे प्रकरण सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील एका धनगर कुटुंबाचे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय जसे झाले तसेच मांडले आहेत. कुटुंबाकडे दीडशेच्या आसपास दख्खनी मेंढ्या आहेत. थोरला भाऊ मादी मेंढ्यांचा वाडा, म्हणजे फिरता कळप, घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडतो, बागायतदारांच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवतो आणि पावसाच्या तोंडावर परततो. धाकट्या भावाचे कुटुंब घरीच राहते आणि निवडक नर कोकरे अर्धबंदिस्त पद्धतीने वाढवून बकरी ईदच्या आधी मालेगावच्या बाजारात नेते. सकाळी माळावर चराई, संध्याकाळी गव्हाणीत तुरीचा भुसा, थोडी मक्याची भरड आणि सरकी पेंड, असा या नरांचा आहार होता. खुराकाचे सगळे काम घरातील सून पाहत असे आणि कोणते कोकरू किती खाते हे तिला वही न उघडता सांगता येई.

नाशिकमधील एका सामाजिक संस्थेला हवामानपूरक पशुपालनासाठी निधी मिळाला होता. निधी देणाऱ्यांची अट अशी होती की तीन महिन्यांत वनस्पतिजन्य खाद्यपूरक देऊन मेंढ्यांचा मिथेन किती टक्के कमी झाला याचा अहवाल द्यावा. संस्थेने या कुटुंबाची निवड केली आणि पशुवैद्यकीय सल्ल्यासाठी मला बोलावले.

मेंढीच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चाऱ्याचे किण्वन होते (चारा आंबतो) आणि त्यात हायड्रोजन तयार होतो. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव तो हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडतात आणि तयार झालेला मिथेन मुख्यतः ढेकरेतून बाहेर पडतो. रवंथ करणारे जनावर खाद्यातील एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के ऊर्जा अशा रीतीने गमावते. मिथेन हा तापमान वाढवणारा वायू आहे, म्हणजे हवामानाचे नुकसान होते तसे मालकाचेही होते. वनस्पतीतील टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारे द्रव्य, हे प्रथिने व तंतूंशी बांधले जाऊन हायड्रोजनची निर्मिती घटवते आणि मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांनाही आवर घालते. रिठ्यासारख्या फळांतील सॅपोनिन, म्हणजे फेस आणणारे द्रव्य, कोटीपोटातील प्रोटोझोआ (एकपेशीय सूक्ष्मजीव) मारते आणि त्यांच्या आधाराने जगणारे मिथेनकारक सूक्ष्मजीव त्यामुळे कमी होतात. तत्त्व पक्के आहे. अडचण सुरू होते ती मात्रा ठरवताना आणि ते टॅनिन कशातून आणायचे हे ठरवताना.

अडचण

संस्थेचा मूळ प्रस्ताव द्राक्षाच्या चोथ्याचा होता आणि तो वरकरणी अतिशय आकर्षक होता. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात दुभत्या गायींना द्राक्षाचा चोथा दिल्यावर मिथेन सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. दिंडोरी आणि निफाड पट्ट्यात वाइनसाठी द्राक्षे जानेवारी ते मार्च या काळात गाळली जातात आणि साली, बिया व देठ यांचे ढीग वायनरीच्या मागे पडलेले असतात. फुकट मिळणारा माल, टॅनिनचे भरपूर प्रमाण आणि नाशिकची ओळख असलेले पीक, असे तिन्ही धागे एकत्र जुळत होते. एका वायनरीने वाहतुकीचा खर्च उचलल्यास चोथा विनामूल्य द्यायची तयारी दाखवली आणि संस्थेने ट्रॅक्टरही ठरवला.

कुटुंबाची शंका वेगळी होती. घरातील वडीलधारे बाबा एवढेच म्हणाले, "डॉक्टर, बाभळीची शेंग खाऊन मेंढरू मेलेलं आम्ही पाहिलं नाही. चोथा आमच्या मेंढरांनी कधी खाल्ला नाही. ईदचा माल आहे, जपून करा." वर्षभराच्या रोख उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्या चाळीसेक नरांवर अवलंबून होता. त्यामुळे प्रयोगातील जोखीम कोणाच्या अंगावर पडते हा प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर होता. निधी संस्थेचा होता, पण जनावर मेले तर नुकसान कुटुंबाचे होणार होते आणि करारात भरपाईची तरतूद नव्हती. ती आधी लिहून घेतल्याशिवाय एकही घास द्यायचा नाही, असे ठरले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तयार खाद्यपूरकाचा. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचे पूरक २०२१ मध्ये जाहीर केले. त्याने मिथेन १७ ते २० टक्क्यांनी कमी होतो, असे संस्थेने सांगितले आहे आणि कोटीपोट पूर्ण कार्यरत झालेल्या, तीन महिन्यांपुढील जनावरांनाच ते द्यावे अशी सूचना आहे. पर्याय चांगला होता. पण आमच्या मुदतीत सिन्नरला लागेल तेवढा माल खात्रीने पोहोचेल अशी व्यवस्था लागली नाही.

दुसरा पर्याय लाल समुद्री शेवाळाचा, म्हणजे अ‍ॅस्परॅगॉप्सिसचा. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांवर झालेल्या प्रयोगात त्याने मिथेन ८० टक्क्यांपर्यंत खाली आणला आहे. त्यातील ब्रोमोफॉर्म हा मुख्य घटक मिथेन बनवण्याची शेवटची पायरीच रोखतो. माळावरच्या कळपासाठी तो आज हाताशी नाही, म्हणून त्यावर वेळ घालवला नाही. सुबाभळीतील मिमोसिन हे विषारी द्रव्य आणि त्यामुळे होणारी लोकरगळ लक्षात घेऊन तो पाला मुख्य पूरक म्हणून नको, असे ठरले. बागलाणकडील डाळिंबाची साल टॅनिनने समृद्ध आहे, पण ओल्या सालीला दोन दिवसांत बुरशी लागते आणि सिन्नरपर्यंत आणायचा खर्च परवडत नव्हता. लासलगावचा टाकाऊ कांदा द्यावा असेही कोणी सुचवले. कांद्यातील गंधकयुक्त घटक तांबड्या रक्तपेशी फोडतात, म्हणून तो विषय तिथेच संपला.

उरले दोन: द्राक्षाचा चोथा आणि बाभळीच्या शेंगा.

चोथ्याबाबतचा निर्णय हा या प्रकरणाचा कणा आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. नाशिकच्या द्राक्षबागेत डाऊनी या बुरशीसारख्या रोगाच्या भीतीने बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड यांच्या फवारण्या होतात. बोर्डो मिश्रण मोरचुदापासून बनते; मोरचूद आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड ही दोन्ही तांब्याची संयुगे आहेत आणि ते तांबे फळाच्या सालीवर राहते. रस निघून गेला की साल उरते, म्हणजे चोथ्यात तांब्याचे प्रमाण मूळ फळापेक्षा वाढलेले असू शकते. गाय हे तांबे बऱ्यापैकी सहन करते. मेंढीचे यकृत मात्र तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्यात कमकुवत असते आणि ते साठवत जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००५ मध्ये मेंढीसाठी तांब्याची सहनीय मर्यादा एक किलो शुष्क खाद्यात १५ मिलिग्रॅम इतकी धरली आहे आणि गायीसाठी ती ४० आहे. म्हणजेच व्हिक्टोरियातील गायींचा अनुभव मेंढ्यांना जसाच्या तसा लावणे हे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे ठरते.

या विषबाधेचा सगळ्यात घातक भाग तिच्या वेळापत्रकात आहे. आठवडे, महिने तांबे यकृतात साठत राहते आणि बाहेरून मेंढी ठणठणीत दिसते, वजनही वाढते. मग उपासमार, लांबचा प्रवास, लोकर कातरणी असा ताण आला की यकृतातील तांबे एकदम रक्तात येते, तांबड्या पेशी फुटतात, डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी लालसर तपकिरी होते आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावते. आमच्या नरांचा तीन महिन्यांचा खुराक संपताच त्यांना टेम्पोत घालून मालेगावला न्यायचे होते. तीन महिन्यांच्या चाचणीत यश दिसावे आणि चाचणी संपल्यावर बाजाराच्या वाटेवर कोकरे कोसळावीत, अशी शक्यता खरोखरच होती.

म्हणून वायनरीच्या ढिगाच्या वेगवेगळ्या थरांतून नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवले. काही नमुन्यांत तांबे वरील मर्यादेच्या कितीतरी पुढे होते आणि काहींत मर्यादेच्या आत. एकाच ढिगात असा फरक पडतो, कारण वायनरीत अनेक बागांची द्राक्षे येतात आणि प्रत्येक बागेचे फवारणीचे वेळापत्रक निराळे असते. सरासरी काढून चालले नसते, कारण मेंढी सरासरी खात नाही, गव्हाणीत त्या दिवशी आलेले खाते. संस्थेतील काहींचे मत होते की चोथ्याचे प्रमाण एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शावर ठेवले तर तांबे पातळ होईल. हिशेबाने ते खरे होते. पण त्याच वेळी गोठ्याच्या कोपऱ्यातील खनिज मिश्रणाची पिशवी मी उलटी करून तिच्यावरील घटकांची यादी वाचली. मिश्रण गायी-म्हशींचे होते आणि त्यात तांबे होते. छाटणीनंतर हे नर द्राक्षाच्या पाल्यावरही चरत होते. म्हणजे तांबे आधीच दोन वाटांनी येत होते आणि चोथा ही तिसरी वाट झाली असती. चोथा रद्द झाला, ठरवलेला ट्रॅक्टर परत पाठवला आणि खनिज मिश्रण बदलून तांबेविरहित, मेंढ्यांसाठीचे आणले. माझ्या मते, मिथेनचा विषय बाजूला ठेवला तरी या कळपाचे त्या वर्षी झालेले सर्वांत मोठे भले हे पिशवी बदलण्यात होते.

प्रत्यक्ष कृती

बाभळीच्या शेंगा मार्च ते मेमध्ये झाडाखाली पडतात. त्यांत दहा-बारा टक्के प्रथिन असते आणि टॅनिनचे प्रमाण चांगले असते, मात्र ते झाडागणिक आणि पिकण्याच्या अवस्थेगणिक बदलते. बी कठीण असल्यामुळे ते न पचता लेंड्यांतून जसेच्या तसे पडते, म्हणून शेंगा वाळवून चक्कीत भरडून घ्यायच्या, असे ठरले. शेंगा गावातील मुलांनी आणि बायांनी गोळा केल्या व त्यांना किलोमागे मोबदला दिला.

मात्रेचा निर्णय कागदावर करावा लागला. वीस-पंचवीस किलोचा नर दिवसाला साधारण ८०० ग्रॅम शुष्क खाद्य खातो. शेंगांत टॅनिन दहा टक्के धरले, तर ५० ग्रॅम शेंगांतून फक्त ५ ग्रॅम टॅनिन जाते. एकूण आहाराच्या एक टक्क्याहूनही कमी असलेल्या या मात्रेने मिथेनमध्ये सांगण्याजोगा फरक पडण्याची अपेक्षा धरता येत नाही. १५० ग्रॅम दिल्यास टॅनिन सुमारे दोन टक्क्यांवर जाते आणि ते साधारण २ ते ४ टक्के या उपयुक्त पट्ट्याच्या खालच्या टोकाला बसते. पाच टक्क्यांपुढे गेले की खाणे कमी होते आणि पचन बिघडते. म्हणून ५० ग्रॅमपासून सुरुवात करून तीन आठवड्यांत १५० ग्रॅमपर्यंत जायचे आणि तिथेच थांबायचे ठरले. शेंगांच्या भरडीने सरकी पेंडीचा काही भाग बदलला, म्हणजे ती आहारात वर टाकलेली भर नव्हती.

नरांचे दोन गट केले. एकाला शेंगांची भरड मिळाली आणि दुसऱ्याला पूर्वीचाच खुराक. तीन महिन्यांपेक्षा लहान कोकरे आणि गाभण मेंढ्या प्रयोगात घेतल्या नाहीत. खुराक बदलण्याआधी आंत्रविषाराची (आतड्यातील जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस दिली, कारण मक्याची भरड आणि पेंड खाणाऱ्या वाढत्या कोकरांत या रोगाची भीती खरी असते. दर पंधरवड्याला सकाळी चरायला सोडण्यापूर्वी वजन घेतले, गव्हाणीत उरलेला खुराक तोलला आणि खालच्या पापणीच्या आतील बाजूचा रंग पाहिला. गोलकृमी रक्त पितात तेव्हा ती बाजू फिकी पडते; टॅनिनमुळे जंतांचा प्रादुर्भाव काही प्रमाणात कमी होतो असे दिसलेले असल्याने ही नोंद महत्त्वाची होती.

पहिल्या आठवड्यात शेंगांच्या गटातील बरीच कोकरे गव्हाणीपासून दूर राहिली. सुनेने सुचवल्याप्रमाणे भरडीवर गुळाचे पाणी शिंपडले आणि तुरीचा भुसा वर न टाकता भरडीत मिसळला. त्यानंतर उरलेले खाद्य झपाट्याने कमी झाले. तीन-चार कोकरांनी मात्र शेवटपर्यंत निम्मीच भरड खाल्ली. त्यांना जबरदस्ती केली नाही.

मिथेन मोजायचा कसा?

अहवालात टक्केवारी द्यायची अट होती आणि ती पूर्ण करायला मोजमाप हवे होते. श्वसन कक्ष, म्हणजे जनावराला आत ठेवून त्याने सोडलेले वायू मोजणारी बंद खोली, हे सर्वांत भरवशाचे साधन. ते सिन्नरला नाही. सल्फर हेक्साफ्लोराइड या खुणेच्या वायूची नळी कोटीपोटात ठेवून श्वासाचे नमुने घेण्याची पद्धत आहे, परंतु तिला प्रशिक्षित माणसे आणि महागडे पृथक्करण लागते. हातात धरायचे लेझर यंत्र भाड्याने घ्यावे असा एक पर्याय आला. उघड्या माळावर वारा असतो आणि ढेकरेनंतर काही सेकंदांत आकडा बदलतो. गट लहान असताना असल्या मोजणीवर टक्केवारी उभी करणे मला पटले नाही. कोटीपोटाचे द्रव घेऊन प्रयोगशाळेत वायुनिर्मिती तपासणे हा मार्ग स्वस्त आहे, पण तोवर शेंगांचा हंगाम निघून चालला होता.

मग संस्थेसमोर साधा हिशेब मांडला. विकसनशील देशांतील मेंढीसाठी हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शनात वर्षाला ५ किलो मिथेन धरला आहे. ४० नर, तीन महिने, म्हणजे ५० किलो. सगळ्यांना पूरक दिले आणि २० टक्के घट खरोखर मिळाली, तरी वाचतात १० किलो. मिथेनची तापमानवाढीची शक्ती शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट धरली, तर ही बचत २७० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी होते. वाचवलेल्या कार्बन डायऑक्साइडला टनाला हजार रुपये भाव गृहीत धरला तरी कुटुंबाच्या पदरात तीनशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. या रकमेसाठी कोणी मेंढपाळ रोज संध्याकाळी भरड तोलणार नाही आणि त्याने तोलावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्याला लाभ व्हायचा तर तो पेंडीच्या बचतीतून, वाढीतून आणि जिवंत राहणाऱ्या कोकरांतून व्हायला हवा.

शंभर मादी मेंढ्या वर्षाला सुमारे ५०० किलो मिथेन सोडतात, कोकरू जगले काय आणि मेले काय. त्यांच्यातून ७० कोकरे विक्रीपर्यंत पोहोचली, तर एका कोकरामागे सात किलोहून थोडा अधिक मिथेन पडतो. ८५ पोहोचली, तर सहा किलोहूनही कमी. कोकरांचा स्वतःचा मिथेन बाजूला ठेवून केलेला हा ढोबळ हिशेब आहे, परंतु घट १७ टक्क्यांच्या पुढची आहे. म्हणजे चांगल्या पूरकाने जेवढी मिळावी तेवढीच, आणि ती मिळते लसीकरण, वेळेवर जंतनिर्मूलन आणि कोकराला जन्मानंतर लगेच मिळालेल्या चिकातून. एकूण मिथेन यात घटत नाही हे स्पष्ट सांगितले पाहिजे. घटतो तो विक्रीला आलेल्या प्रत्येक कोकरामागचा. माळावरच्या कमी खर्चाच्या कळपात मला हाच मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

परिणाम

तीन महिन्यांअखेर दोन्ही गटांच्या वजनवाढीत सांगण्याजोगा फरक दिसला नाही. पापणीच्या रंगातही ठळक फरक नव्हता. उन्हाळ्यात जंतांचा जोर कमी असल्याने तो दिसण्याची शक्यताही थोडी होती. शेंगांच्या गटाने सरकी पेंड कमी खाल्ली आणि वजन मात्र राखले, हा कुटुंबासाठी खरा लाभ होता. एकही नर आजारी पडला नाही आणि ईदच्या आधी सगळे नर बाजारात उभे राहिले.

अहवालात मिथेनची घट मोजली नसल्याचे पहिल्याच परिच्छेदात लिहिले आणि प्रकाशित प्रयोगांवरून अपेक्षित घटीचा पट्टा वेगळा दिला. निधी देणाऱ्यांना हे सुरुवातीला रुचले नाही. त्यांना एक आकडा हवा होता. संस्थेने मात्र ठाम भूमिका घेतली, हे मला मनापासून आवडले. पुढच्या टप्प्यात खाद्यपूरकासाठी निधी मिळाला नाही, परंतु मेंढीमागे जगलेल्या कोकरांची संख्या हा निकष मान्य झाला आणि त्यासाठी वजनकाटा व लसी थंड ठेवण्याची पेटी मंजूर झाली.

वेगळे काय करता येईल

अशा प्रकल्पात शेंगांचा आणि चोथ्याचा हंगाम पाहून वेळापत्रक आखले पाहिजे. इथे निधीची मुदत आधी ठरली आणि झाडाची वेळ नंतर पाहिली गेली. डिसेंबरमध्ये सुरुवात केली असती, तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या पशुपोषण विभागाकडून वायुनिर्मितीची चाचणी आणि शेंगांतील टॅनिनची तपासणी मार्चपूर्वी हाती आली असती आणि १५० ग्रॅमची मात्रा गृहीतकावर न ठरता तपासणीवर ठरली असती.

चोथ्याचा पर्याय कायमचा बाद झालेला नाही. वायनरीने एकाच बागेच्या, तांबेयुक्त फवारणी काढणीच्या बरीच आधी थांबवलेल्या द्राक्षांचा चोथा वेगळा ठेवला आणि प्रत्येक खेपेची तपासणी झाली, तर गायींसाठी तो वापरता येईल. मेंढ्यांसाठी वापरायचा असेल, तर खनिज मिश्रण, द्राक्षपाला आणि चोथा या तिन्हींतील तांब्याची बेरीज आधी करावी लागेल. बागायतदाराने शेतात मेंढ्या बसवायला बोलावले, की गेल्या महिन्याभरात बागेत काय फवारले हे थोरल्या भावाने विचारायचे, असे कुटुंबाने आता ठरवले आहे.

मादी मेंढ्यांचा वाडा या प्रयोगाच्या बाहेर राहिला आणि कळपातील मिथेनचा मोठा हिस्सा तिथेच आहे. फिरत्या वाड्यात रोज तोलून भरड देणे शक्य नाही. मुक्कामाच्या वाटेवर बाभळी कुठे आहेत याची थोरल्या भावाला पक्की माहिती आहे. एप्रिल-मेमध्ये त्या मुक्कामांवर मेंढ्या किती शेंगा खातात याची नोंद त्याच्याबरोबर राहून ठेवायची, आणि त्याच फेरीत आंत्रविषाराची लस व जंतनाशक मुक्कामाच्या गावी पोहोचवायचे, असे पुढच्या हंगामासाठी ठरले आहे.